ओळख

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या कृतिकाला इन्व्हेस्टमेंट बँकेत शिरायचं होतं. नुकती बी.कॉम. झालेली पोर, पण खूळ काय एकेक! आई नीलाला वाटलं, ही आता पासबुकं भरणार. कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे सौदे जुळवायचे असतात, हे कृतिकाने तिला तीनदा समजावलं. “म्हणजे लग्नं जुळवतात तसं,” म्हणत आईने विषय मिटवला.

खरा घोळ पुढेच होता. कॉलेजातले सगळे सीनियर एकच मंत्र द्यायचे, “ओळखी काढ यार, नुसत्या अर्जाला कोण विचारतं?” आणि घरात बाबा. सुधाकरराव मंत्रालयात अधिकारी. दिवाळीला कुणी मिठाईचा डबा आणला, तर जिन्यातूनच परत. आजी नाशिकला अंथरुणाला खिळली तेव्हा बदलीसाठी मंत्र्यांच्या पी.ए.ला नुसतं एकदा म्हणायचं होतं, पण बाबांनी म्हटलं नाही म्हणजे नाही. “कुणाकडे शब्द टाकायचा नाही,” हे वाक्य ऐकत पोरगी लहानाची मोठी झालेली. मग कॉफी पाजून ओळखी काढणं म्हणजे मेहनत की वशिला? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

शेवटी ती नीरजाताईला भेटली. मराठी मंडळाच्या गणपतीत दोघी दरवर्षी मांडीला मांडी लावून मोदक वळायच्या. ताई गुरुग्रामच्या अशाच एका बँकेत होती. “अगं वेडे, आधी नाही का सांगायचं? तुझं नाव मी आत देते,” ताई म्हणाली. कृतिकाला हायसं वाटलं आणि चोरी केल्यासारखंही. घरी तिने अवाक्षर काढलं नाही.

तिथली लेखी परीक्षा झाली, दोन मुलाखती झाल्या. शेवटच्या मुलाखतीला अंशुमन नावाचे मोठे साहेब होते. हिशेबाचे प्रश्न तिने फडाफड सोडवले. मग त्यांनी सहज विचारलं, “यहाँ किसी को जानती हो?”

झालं! तोंडचं पाणीच पळालं बिचारीच्या. हा सापळा तर नाही? ओळख सांगितली की नाव कटणार, हे बाबांच्या जगातलं पहिलं कलम. ती ताठ बसली. “नहीं सर, किसी को नहीं.”

“पक्का?”

“बिल्कुल.”

साहेब समोरच्या स्क्रीनकडे बघत राहिले. मग “थँक यू” म्हणाले.

संध्याकाळी ताईचा फोन आला. आवाज पार उतरलेला. “कृतिका, मी लिहून दिलं होतं, हिला लहानपणापासून ओळखते, डोळे मिटून कामावर घ्या. आणि तू त्यांना सांगतेस, कुणालाच ओळखत नाही? आता ते विचारतायत, दोघींतलं खोटं कोण बोलतंय. अगं, इथे ओळख सांगायची असते. लपवली की संशय येतो. तुला नाही घेणार ते.”

“पण ताई, मला वाटलं...”

“मलाही खूप काही वाटलं होतं,” म्हणून ताईने फोन ठेवला.

कृतिका नुसती बसून राहिली. तिचं नेमकं काय चुकलं, ओळख काढली ते की नाकारली ते? खोटं बोलली, तेही प्रामाणिक दिसावं म्हणून!

बाबा ऑफिसातून आले. तिचा चेहरा बघून बॅग तशीच हातात धरून उभे राहिले. तिने सगळं सांगून टाकलं, मोदकांपासून फोनपर्यंत. आता बोलणी बसणार म्हणून मान खाली घातली.

बाबांनी बॅग खाली ठेवली. खुर्चीत टेकले, चष्मा काढून रुमालाने पुसला, परत घातला, परत काढला.

“त्या नीरजाचा नंबर दे,” ते हळूच म्हणाले. “पोरीला मीच असं शिकवलंय, तिचा दोष नाही, असं सांगतो. एक शब्द टाकून बघतो.”

नोकरी हुकल्याचं रडू कृतिकाला तोवर आलंच नव्हतं. ते आत्ता आलं. “नको हो बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही नको.”