खांबाआडचा खोका

मी एक जुना लाकडी खोका आहे. अंगावरची अक्षरं पुसट झाली आहेत, कोपऱ्याची पत्र्याची पट्टी गंजली आहे आणि पाठीवरच्या मधल्या फळीला चीर आहे. त्या चिरेची गोष्ट पुढे येईलच, मित्रांनो.

मिलवॉकी शहरात, नदीकाठच्या कारखान्यात माझा जन्म झाला. पोटात सोड्याच्या चोवीस बाटल्या घेऊन मी ट्रकमधून गावभर हिंडलो. खड्डा आला की बाटल्या किणकिणायच्या. तेवढंच माझं संगीत. मग प्लॅस्टिकचे खोके आले, आणि शेवटच्या फेरीला ट्रकवाला मला म्हाताऱ्या अर्व्हिनच्या नाचाच्या हॉलवरच विसरून गेला.

बरंच झालं म्हणायचं. कारण त्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी तीन वाजता ‘लूझ व्हील्स’ नावाचा बँड वाजवायचा. गाणी गुराख्यांची, ट्रकवाल्यांची, सोडून गेलेल्या माणसांची. पण वाजवणं असं दांडगं, की चार चाकांची गाडी तीन चाकांवर उतारावरून सुटली आहे असं वाटावं. लोक बाहेरचा बर्फ बुटांवरून झटकत यायचे, कोटांचा ढीग बिलियर्डच्या टेबलावर टाकायचे आणि नाचत सुटायचे. पुढे सगळी ताडमाड माणसं. मागच्यांना त्यांच्या पाठीच दिसायच्या.

म्हणून अर्व्हिनने मधल्या खांबाशी मला पालथा घातला आणि खांबावर खडूने रेघ मारली. ज्याचं डोकं रेघेच्या खाली, त्याला खोक्यावर उभं राहायचा हक्क. दोघं निघाले तर जास्त बुटका असेल त्याला. चांगली बाप्यामाणसं पाठीला पाठ लावून, उंची मोजत भांडायची. पण ट्रूडी आली की भांडण मिटायचं, तिच्याहून बुटकं कुणी नव्हतंच.

ट्रूडी हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरी इस्त्री करायची.

“काय गं ट्रूडी, या आठवड्यात तरी वाढलीस का?” अर्व्हिन विचारायचा.

“वाढले असते तर तुझा खोका रडला असता, म्हाताऱ्या!”

खरंच रडलो असतो. ती चढायची, खांबाला टेकायची आणि तिच्या डाव्या टाचेचा ठेका माझ्या पाठीवर सुरू व्हायचा. माझं पोट पोकळ, त्यामुळे तो आत घुमायचा. पण पालथ्या खोक्याला दिसणार काय? फक्त जमीन. इतक्या जणांना मी बँड दाखवला, मला मात्र तो कधीच दिसला नाही. विचारणार तरी कुणाला?

मग ट्रूडीला मूल झालं आणि तिचे रविवार संपले. तिच्यानंतर एक आडदांड ड्रायव्हर गंमत म्हणून माझ्यावर उडी मारून चढला, तेव्हा ही चीर पडली. “हा आता एकाच माणसाला पेलेल, तेही हलक्या,” म्हणून अर्व्हिनने मला फरशी पुसायच्या बादलीशेजारी टाकलं. तिथे मी चार हिवाळे काढले. दार उघडलं की टाचेकडे कान द्यायचो. दर वेळी दुसरीच टाच.

एका रविवारी अर्व्हिनने मला पुसलं आणि खांबाशी आणून ठेवलं. लूझ व्हील्सचा तो शेवटचा कार्यक्रम होता. त्यानंतर बँड मोडणार होता. आणि ट्रूडी आली! धापा टाकत. सोबत तिची चार वर्षांची लेक डेला, कानांवर कारखान्यात गोंगाट अडवायला लावतात तसली लाल झाकणं चढवलेली.

“हिला सांभाळणारी शेजारीण तापाने झोपलीय. आणू नको तर काय करू? चार वर्षं वाट बघतेय रे. आज एकदा डोळे भरून बघू दे.” आणि तिने माझ्यावर पाय ठेवला.

“आई, मी पण बुटकी आहे!” डेला म्हणाली. “मी सगळ्यात बुटकी आहे!”

आसपास हशा पिकला. अर्व्हिन खांबाकडे बघत पुटपुटला, “रेघ तर तेच म्हणते, ट्रूडी. पण तुझी मर्जी. मी काही बघितलं नाही.”

ट्रूडीचा पाय माझ्यावर जरासा थांबला. मग तो उतरला, आणि दोन चिमुकले बूट माझ्या पाठीवर आले.

गाणं सुरू झालं. पुढच्या पाठींची भिंत उभी राहिली. ट्रूडी माझ्याशेजारी, खांबाला टेकून, लेकीचा घोटा धरून.

आणि डेला ओरडू लागली. कान झाकलेल्या माणसाला आपला आवाज केवढा आहे हे कुठे कळतं!

“आई! दाढीवाल्याने टोपी फेकली! ढोलवाल्याच्या पायात एकच बूट आहे! गिटारवाला गुडघ्यावर बसला, आता उठताच येत नाहीये त्याला!”

“आणि व्हायोलिनवाली?” ट्रूडीने तिचा घोटा हलवून, तोंड वर करून मोठ्याने विचारलं. “निळा झगा घातलाय का तिने?”

“निळाच! पण ठिगळ लावलेला!”

मित्रांनो, त्या दुपारी मी पहिल्यांदा बँड पाहिला.

शेवटचं गाणं संपलं. टाळ्या विरल्या, लोक कोट शोधू लागले. डेला उतरली आणि म्हणाली, “आई, आता तू चढ. पण आता तिथे कुणीच नाहीये.”

ट्रूडी चढली. चीर करकरली, पण मी धरून ठेवलं. समोर रिकामा मंच होता. तरी ती उतरली नाही. हळूहळू तिच्या डाव्या टाचेने ठेका धरला, आणि अर्व्हिनने हातातला झाडू खांबाला टेकवून ठेवला.

अर्व्हिनने मला ट्रूडीला देऊन टाकलं. आता मी तिच्या स्वयंपाकघरात असतो. डेला माझ्यावर उभी राहून कप विसळते. तुम्ही कधी गर्दीत पुढे असाल, तर एकदा मागे वळून बघा. तिथे कुणीतरी चवड्यांवर उभं असेल. त्याला वाट द्या. आणि घरात असा एखादा पालथा खोका असेल, तर त्याच्या फळीत दोन खिळे ठोका, म्हणजे तो पुन्हा माणसाला पेलेल. रविवारी तीन वाजले की माझ्या पोटात अजून काहीतरी घुमतं, आणि मी ट्रूडीच्या त्या डाव्या टाचेची वाट बघतो.