तरटावरची पेशंट

सन एकोणीसशे पासष्ट. पोलीस ॲक्शन होऊन सतरा वर्षं झाली होती आणि औरंगाबाद पुन्हा एकदा रेडिओला कान लावून बसलं होतं. सप्टेंबरात पाकिस्तानशी लढाई पेटली. खिडक्यांच्या काचांवर काळे कागद चढले, गुलमंडीवर संध्याकाळचे दिवे लागेनासे झाले आणि औरंगपुऱ्यातल्या मुलींच्या एका शाळेत बायकांचा प्रथमोपचाराचा वर्ग सुरू झाला. बॉम्ब पडलेच तर जखमींना उचलणार कोण? व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून एक जुनी व्हॅन घेतली, तिला पांढराशुभ्र रंग दिला. ही गावाची नवी रुग्णवाहिका. तिच्यावर पाळीपाळीनं जायला बारा बायकांचं पथक हवं होतं. नावं आली अकरा.

बानाबाई त्या शाळेत शिपाई होती, तीही हंगामी. वेरूळकडच्या धनगराच्या घरातली. तिशीची, उंच, काटक. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, पदरात एक मुलगा होता. वर्गाच्या पहिल्या दिवशी ती हॉलमध्ये तरट अंथरत होती, एवढाच तिचा त्या वर्गाशी संबंध.

शिकवायला नानासाहेब डॉक्टर आले. पांढऱ्या मिशा, काळी टोपी, हातात छडी. निजामाच्या फौजेच्या दवाखान्यात उमेदीची वर्षं गेलेली, त्यामुळे मराठी बोलता बोलता उर्दूत कधी शिरत ते त्यांनाही कळत नसे.

"चला, एकीनं आडवं व्हा," ते म्हणाले. "मरीज के बगैर इलाज कैसा?"

अकराही जणी एकमेकींकडे बघायला लागल्या. कडक इस्त्रीच्या साड्या, अंबाड्यात गजरे. तरटावर पडायचं म्हणजे काय! वर्गाच्या प्रमुख होत्या आशाबाई, गावातल्या मोठ्या वकिलांच्या पत्नी. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बानाबाई, तूच पड गं."

बानाबाई पडली. आणि त्या दिवसापासून रोज दुपारी तीन ते पाच पडतच राहिली. कधी तिचं मांडीचं हाड मोडलं, कधी ती विहिरीतून बाहेर काढलेली असे, कधी भाजलेली. एका आठवड्यात ती सात वेळा मेली.

"काय बानाबाई, आज कशानं?" शाळेचा म्हातारा पहारेकरी फकिरा फाटकातून विचारायचा.

"आज साप चावलाय, फकिरामामा."

"मग चहा घेऊन मर. उकळतोय."

डोळे मिटून पडलेल्या माणसाला कान असतात, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. नानासाहेब सांगत ते सगळं बानाबाईच्या आत उतरत होतं. शिवाय बाकीच्या जणी ते नुसतं ऐकत होत्या, हिच्या अंगावर ते घडत होतं. पट्टी फार आवळली की बोटांना मुंग्या येतात, नख दाबून सोडलं तर गुलाबी रंग परत येत नाही. गाठ हाडावर आली की टोचते. खपची, म्हणजे आधाराची फळी, मोडलेल्या जागेच्या खालच्या आणि वरच्या, दोन्ही सांध्यांच्या पलीकडे गेली नाही तर पाय हलतोच. हे तिला पाठ करावं लागलं नाही. चित्रकलेच्या मनकर्णाबाई सगळ्यांत वयस्क आणि सगळ्यांत विसरभोळ्या. त्या पट्टी हातात घेऊन गोंधळल्या की तरटावरून पुटपुट यायची, "खाली... अजून खाली... हां, आता गाठ बाजूला."

"मेलेली बोलतेय!" असं म्हणून सगळ्या हसत. बानाबाईही डोळे मिटून हसे. इतकी मजा तिला कित्येक वर्षांत आली नव्हती.

एक दिवस मात्र वेगळं झालं. ती बेशुद्ध पडलेली होती आणि नानासाहेब छडी आपटत सांगत होते, "बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. शुद्ध गेली की गिळणंही गेलं. पाणी पोटात जात नाही, श्वासनळीत उतरतं. आणि उताणा ठेवायचा नाही. जीभ मागं पडते, घसा बंद होतो. कुशीवर वळवा, तोंड मोकळं करा. लोक तांब्या घेऊन धावतील. लोकांना अडवा!"

बानाबाई ताडकन उठून बसली. "पाजलं असंल तर?"

हॉल हसला. नानासाहेब हसले नाहीत. वर्ग सुटल्यावर त्यांनी तिला थांबवून घेतलं. मग तिनं सांगितलं. तिचा नवरा मेंढरांना पाला काढायला बाभळीवर चढला होता, तो खाली आला तो डोक्यावरच. घशातून घर्रर्र आवाज येत होता. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, उताणाच, आणि तांब्याभर पाणी थोडं थोडं करून तोंडात घातलं. आवाज थांबला. सगळी वाडी म्हणाली, पुण्यवान माणूस, बायकोच्या हातचं पाणी पिऊन गेला. ह्या एका वाक्यावर तिनं नऊ वर्षं काढली होती.

"खरं सांगा, डाक्टरसाहेब. माझ्यामुळं गेले का?"

नानासाहेबांनी टोपी काढून हातात घेतली. "मला ठाऊक नाही, बाई. मार किती होता ते मी पाहिलं नाही. गेलाच असता, असंही असेल. पण खोटं सांगून मी तुला समजावणार नाही."

बानाबाईनं तरटाचा एक सुटा धागा बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "मेंढरू उताणं पडलं तर मरतं, हे मला लहानपणापासून ठावं. आम्ही पळत जाऊन वळवतो. माणसाला तेच असतंय, हे कुणी सांगितलं नाय." आणि पदर खोचत उठली. "मला परीक्षा द्यायची हाय. त्या गाडीवर जायचंय मला."

पथकात बारावी जागा रिकामीच होती. परीक्षा तोंडी आणि हातानं करून दाखवायची, लिहिण्याचा प्रश्न नव्हता. नानासाहेब एका पायावर तयार झाले. अडलं ते आशाबाईंपाशी.

"अगं, पण तू परीक्षेला बसलीस तर आडवं कोण पडणार?" आशाबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. त्यांना खरंच दुसरं कुणी दिसत नव्हतं. "परीक्षक पुण्याहून यायचेत. ऐन वेळी पेशंट कुठून आणू? पुढच्या वेळी बघू हं."

पुढची वेळ येणार नव्हती. लढाई तेवीस सप्टेंबरला थांबली होती, हा वर्ग पुरा झाला की संपणार होता. बानाबाईनं नेहमीसारखा हॉल झाडून घेतला. त्या रात्री तिला झोप लागली नाही एवढंच.

दसरा झाला आणि परीक्षेचा दिवस उजाडला. शाळेत लग्नघर व्हावं तशी गडबड! रुग्णवाहिका फाटकाशी उभी, ड्रायव्हरनं तिला झेंडूची माळ घातलेली. मनकर्णाबाई पट्टीच्या तीन कोपऱ्यांची नावं जप केल्यासारखी म्हणत होत्या. फकिरा सकाळपासून हॉलच्या वरच्या झरोक्यांचे काळे कागद खरवडत शिडीवर चढला होता. परीक्षक आले, गोरे, चष्मेवाले, घड्याळाकडे बघत बोलणारे डॉक्टर. त्यांनी पहिलं काम केलं ते फकिराला खाली उतरवण्याचं. "हा खरवडण्याचा आवाज बंद करा. परीक्षा झाल्यावर काय ते."

आशाबाईंची पाळी आली. परीक्षकांनी प्रसंग दिला, "मोटारीचा अपघात. मांडीचं हाड मोडलंय, डावा हात मोडलाय, जबड्यालाही मार आहे. बांधा."

आशाबाईंनी जीव ओतून बांधलं. काखेपासून टाचेपर्यंत लांब फळी, दोन्ही पाय एकत्र, डावा हात झोळीत, जबड्याखालून टाळूपर्यंत पट्टी. बानाबाईचा फक्त उजवा हात मोकळा राहिला. तेवढ्यात ऑफिसातून चहा झाल्याचा निरोप आला.

"सोडू नका," परीक्षक उठत म्हणाले. "चहा घेऊन येतो, मग एकेक गाठ बघतो." आणि ते नानासाहेबांबरोबर अंगण ओलांडून पलीकडे गेले.

फकिराला वाटलं, हीच वेळ! चहा होईस्तोवर दोन झरोके उरकू. तो लगबगीनं शिडी चढला. घाईत शिडीचा पाय परीक्षेसाठी अंथरलेल्या सतरंजीच्या कडेवर टेकलेला त्याला दिसला नाही.

धाडकन आवाज झाला. बायका किंचाळल्या. फकिरा फरशीवर उताणा पडला होता. कपाळाच्या वर चिरलेलं, तोंडात रक्त, डोळे अर्धवट उघडे, आणि घशातून आवाज येत होता, घर्रर्र, घर्रर्र.

तो आवाज बानाबाईनं ओळखला.

अकरा जणी, सहा आठवडे शिकलेल्या, जागच्या जागी खिळल्या होत्या. एक धावत ऑफिसकडे सुटली. आणि मनकर्णाबाई, जीव कळवळला बिचारीचा, कोपऱ्यातला तांब्या भरून घेऊन निघाल्या. "पाणी द्या, पाणी द्या त्याला!"

"न्हाय!" बानाबाई ओरडली, पण जबडा बांधलेला, नुसताच हुंकार निघाला. तिनं उजव्या हातानं ती पट्टी हिसडून खाली ओढली. उठता येईना. मग ती फळीसकट वळली आणि पोळपाटावरून सुटलेल्या लाटण्यासारखी गडगडत निघाली. एक वळसा, दोन, तीन, आणि जाऊन आदळली ती मनकर्णाबाईंच्या पायांवर. तांब्या उडाला, पाणी फरशीभर झालं.

"पाणी नाय! थेंब नाय! वकिलीणबाई, बसा गुडघ्यावर!"

"अगं, पण..."

"अवो, बसा! साडी धुता येती!"

आशाबाई त्या रक्तात, पाण्यात गुडघे टेकून बसल्या.

"डोकं तुम्ही धरा, दोन्ही कानांपासून. मान वाकडी करू नका. मनकर्णाबाई, रडू नका, खांदा धरा. तुम्ही कंबर. ओंडका वळवतात तसं, सगळ्या एकदम, मी म्हणंन तवा. एक, दोन, वळवा!"

फकिरा कुशीवर आला. तोंडातून रक्त आणि लाळ भळकन बाहेर पडली.

"बोटाला कापड गुंडाळा. पुसा आतून. जीभ पुढं आली?"

"आली."

"आवाज?"

सगळ्यांनी श्वास रोखला, फकिराचा ऐकायला. घरघर थांबली होती.  नऊ वर्षांपूर्वीही असाच आवाज थांबला होता.

"छाती बघा! हलती का?"

"हलतेय," आशाबाई म्हणाल्या. "बानाबाई, हलतेय गं. नाडी लागतेय. श्वास अगदी मोकळा आहे!"

"मग कपाळावर घडी ठेवून तळहातानं दाबा. चोळू नका. आणि तरटावरची, माझ्या उशाला होती ती घोंगडी टाका त्याच्या अंगावर."

दोघे डॉक्टर धापा टाकत दारात आले तेव्हा त्यांना एकाच फरशीवर दोन पेशंट दिसले. एक कुशीवर, शांत श्वास घेणारा. दुसरी डोक्यापासून पायापर्यंत बांधलेली, आणि तीच हुकूम सोडत होती. परीक्षकांनी वाकून फकिराच्या बाहुल्या पाहिल्या, मान चाचपली, नाडी मोजली. करायचं काही उरलं नव्हतं. स्ट्रेचर आलं आणि झेंडूची माळ घातलेली गाडी आपल्या पहिल्या फेरीला निघाली, नानासाहेबांना बरोबर घेऊन.

गाडी गेल्यावर परीक्षक म्हणाले, "ह्या बाईंचं नाव यादीत कितवं?"

 आशाबाई म्हणाल्या, "नाही यादीत. मीच घेतलं नाही. पेशंट कोण होणार म्हणून."

"तिनं हातानं काहीच केलेलं नाही. सांगण्याचे गुण मला देता येत नाहीत. बांधून दाखवावं लागेल."

आशाबाईंनी खाली बसून बानाबाईच्या सगळ्या गाठी एकेक करून सोडल्या. मग त्या माखलेल्या साडीनं, गजऱ्यासकट, वकिलांच्या घरची ती बाई त्याच तरटावर आडवी झाली. डोळे मिटले. "लिहा नाव," त्या म्हणाल्या.

"पूर्ण नाव?" परीक्षकांनी विचारलं.

बानाबाईनं आयुष्यात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. "हे" म्हणायची, "घरातले" म्हणायची. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "बानाबाई कारभारी शिंगाडे."

तिला तोच प्रसंग मिळाला. तिचे हात असे चालले जणू ते आधीपासून हेच काम करत होते. फळी, पट्ट्या, झोळी, दर गाठीनंतर नख दाबून बघणं. मधेच तरटावरून पुटपुट आली, "बानाबाई, घोट्यापाशी..."

"मेलेल्यानं बोलू नये, बाईसाहेब."

परीक्षकांनी चष्मा काढला आणि हसून घेतलं. मग एकच तोंडी प्रश्न टाकला. "माणूस बेशुद्ध आहे. गर्दी म्हणते पाणी द्या. काय कराल?"

"म्हणंन, तुमीच प्या. तुमाला शुद्ध हाय."

बारावी जागा त्या दिवशी भरली.

फकिरा तीन दिवसांनी शुद्धीवर आला आणि त्यानं सगळ्यांत आधी चहा मागितला. पुढं तेरा वर्षं तो शाळेच्या फाटकाशी होता, पण शिडीला त्यानं हात लावला नाही. मनकर्णाबाई नापास झाल्या, तरी पट्ट्या गुंडाळायला म्हणून पथकात राहिल्या. नापास झाल्याचं त्यांना काही वाटलं नाही. निवृत्त होऊन त्या लेकीकडे सिल्लोडला गेल्या. नानासाहेब डॉक्टर एकाहत्तरच्या लढाईत पुन्हा वर्ग घ्यायला उभे राहिले आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात झोपेतच गेले. आशाबाईंनी वर्ग बंद पडू दिला नाही. दर नव्या तुकडीला पहिल्या दिवशी त्या स्वतः तरटावर पडत, अगदी गुडघे दुखायला लागेपर्यंत.

बानाबाईनं त्या व्हॅनवर चार वर्षं काढली. मग सरकारी दवाखान्याच्या रुग्णवाहिकेवर ती कायम झाली आणि तिथूनच निवृत्त झाली. वाळूजला कारखाने उभे राहिले तेव्हा तिथली पोरं तिच्याकडे प्रथमोपचार शिकायला येत. पट्टी हातात देण्याआधी ती प्रत्येकाला अर्धा तास बांधून जमिनीवर ठेवायची, मग तो साहेब असो की हेल्पर.

पाणी घातलं नसतं तर नवऱ्याचं काय झालं असतं, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. ते ती कुणाला विचारायचीही थांबली. वेरूळच्या घरात तिचं सर्टिफिकेट चौकटीत लावलेलं आहे. म्हातारपणी नजर गेली तेव्हा ती नातवंडांना ते मोठ्यानं वाचायला लावी. मधलं नाव कुणी गाळलं तर म्हणे, "पुरं वाच."