पंचेचाळिसावा दिवस

सव्विसाव्या वर्षी माझं पोट फाडलं. नवोई शहरातल्या इस्पितळात यकृतातून मोसंबीएवढा पाण्याचा फोड काढला आणि वीतभर व्रण देऊन घरी पाठवलं. डॉक्टर म्हणाले, कुत्र्याच्या जंतामुळे होतं हे. माझे सासरे एसिरकेप आबा म्हणाले, "कुत्र्याचा काय संबंध? ही नेसिबेली विहिरीवरून दोन-दोन बादल्या एकदम आणते. कितीदा सांगितलं, एकेक आण." झालं, विषय संपला.

आबा एके काळी सरकारी कळपांचे मुकादम होते. किझिलकुमच्या वाळवंटात आमच्या नऊ विहिरी, प्रत्येक विहिरीवर दोन-तीन घरं, आणि या सगळ्यांत आबांचा शब्द खाली पडत नसे. त्यांचा जीव होता अक्तोसवर. वासराएवढा कुत्रा, छाती पांढरीशुभ्र. एका हिवाळ्यात त्यानं एकट्यानं दोन लांडगे पळवले होते. आबा स्वतःच्या ताटातलं हाड त्याला द्यायचे, आणि तोच हात आमच्या मुलीच्या डोक्यावरून फिरवायचे.

माझ्या ऑपरेशननंतर दोन वर्षांनी उलबोसिन या भागात जनावरांची डॉक्टर म्हणून आली. उलबोसिन म्हणजे 'मुलगा होवो'. चार मुलींवर पाचवी झाली, म्हणून बापानं कंटाळून ठेवलेलं नाव. ती हसून सांगायची, "बापाचं काही देवानं ऐकलं नाही. मग मीच मोटारसायकल शिकले." मोटारसायकल जुनी, बाजूला डबा जोडलेली. त्या डब्यात औषधांची पेटी, पाण्याचा कॅन आणि एक फावडं.

दर पंचेचाळीस दिवसांनी ती यायची. नऊ विहिरी, सत्तर-एक कुत्री, वीसेक मांजरं. प्रत्येक कुत्र्याला जंताची गोळी. कुत्र्याच्या आणि मांजराच्या मानेवर, जिथं जीभ पोचत नाही तिथं, गोचीड-पिसवांच्या औषधाचे थेंब. मांजराचे थेंब वेगळे. एकदा कुणी तरी शहाणपणा करून कुत्र्याचं औषध मांजराला लावलं, तर ते मांजर थरथर कापत मेलं. तेव्हापासून मांजराची बाटली ती कुणाच्या हातात देत नसे.

"पंचेचाळीसच दिवस का गं?" मी एकदा विचारलं.

"कुत्र्याच्या पोटात हा जंत शिरला की अंडी घालायच्या वयात यायला त्याला दीड महिना लागतो. त्याआधी मी पोचले तर त्याचा वंश तिथंच खुंटला. उशीर झाला तर अंडी वाळूत, अंगणात, तुझ्या पिठात."

लोकांची मात्र ठरलेली उत्तरं असायची. उन्हाळ्यात म्हणायचे, या वाळूत अंडं भाजून निघतं, तिथं गोचीड कसला जगतोय? हिवाळ्यात म्हणायचे, उणे वीसमध्ये पिसू असते होय? ती म्हणायची, "म्हणजे तुमच्या हिशोबानं त्यांना बारा महिने सुट्टीच की! मग मागच्या मे महिन्यात तुमच्या उंटिणीच्या कासेवर काय लोंबत होतं, मोत्यांची माळ?"

हळूहळू आठ विहिरी वळल्या. नववी आमची. आबा उन्हाळ्यात कसेबसे तयार व्हायचे, पण थंडीत तिची मोटारसायकल दुरून ऐकू आली की अक्तोसला घेऊन टेकडीपलीकडे निघून जायचे. वर्षातून तीन फेऱ्या अशाच वाया जायच्या. आठ वर्षं ती बाई आमच्या दारात चहा पिऊन, मांजराला थेंब लावून परत जायची आणि पंचेचाळीस दिवसांनी पुन्हा हजर. चिडलेली मी तिला कधी पाहिली नाही.

आठव्या वर्षाच्या डिसेंबरात मात्र ती चिडली. हिवाळ्याच्या मांसासाठी आम्ही मेंढ्या कापत होतो. मी आतडी धूत बसले होते. एका म्हाताऱ्या मेंढीचं यकृत निघालं ते फोडांनी भरलेलं. आबांनी त्याचा एक तुकडा कापून अक्तोसकडे भिरकावला, आणि नेमकी त्याच वेळी उलबोसिन अंगणात शिरली. अक्तोसच्या तोंडापुढून तिनं तो तुकडा बुटानं उडवला.

"माझी मेंढी, माझा कुत्रा!" आबा गरजले.

"आणि सून? ती कुणाची?" ती म्हणाली. खिशातून सुरी काढून तिनं एक फोड चिरला. आतून स्वच्छ, ओढ्यासारखं पाणी निघालं आणि तळाशी बारीक वाळूसारखं काही तरी. "हे बघा आबा. यातल्या कणाकणात एकेक जंत आहे. कुत्र्यानं हे खाल्लं की ते त्याच्या पोटात वाढतात. अंडी घाणीतून बाहेर येतात, त्याच्या केसांना लागतात, तुमच्या हाताला लागतात. नेसिबेलीच्या पोटातून काढलं ते हेच."

"ते बादल्यांमुळे."

"बादल्यांनी पाठ धरते, आबा. यकृतात फोड येत नाही."

माझे हात थंड पाण्यात तसेच राहिले. इतकी वर्षं मलाही कुठं तरी वाटत आलं होतं की चूक माझीच असेल. आबांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, "थंडीत जंत-बिंत सगळे गोठतात. उन्हाळ्यात ये."

"अक्तोसच्या पोटात बर्फ पडतो का?"

आबा कुत्र्याच्या मानेत दोरी घालून निघून गेले. उलबोसिननं ते यकृत चुलीत जाळलं, ते पूर्ण जळेपर्यंत तिथं उभी राहिली, आणि चहाही न घेता गेली. मला वाटलं, आता ही काही यायची नाही.

जानेवारीच्या शेवटी, बरोबर पंचेचाळिसाव्या दिवशी, ती आली. उणे अठरा होतं. पापण्यांवर बर्फ, ओठ फुटलेले. आबा या वेळी गेले नव्हते. गुडघा धरला होता म्हणून, की आणखी कशामुळे, ते त्यांनाच ठाऊक. उलबोसिननं त्यांना सलाम केला आणि म्हणाली, "आबा, औषधाचं नाव काढत नाही. फक्त गोठ्याच्या मागं चला."

गोठ्यामागं वाळूतल्या उंदरांची बिळं आहेत. आमचं मांजर दिवसभर तिथंच दबा धरून बसलेलं असतं. उलबोसिननं हातमोजे चढवले, लांब लवचीक नळीच्या टोकाला पांढऱ्या फ्लॅनेलचा तुकडा बांधला आणि नळी बिळात सारली. हातभर, दोन हात, जवळजवळ पुरती. थोडा वेळ फिरवली आणि ओढून फडकं झटकन काचेच्या बरणीत टाकलं, झाकण लावलं. बरणी दोन्ही हातांत धरून ऊब दिली.

"बघा."

आबांनी चष्मा पुसून डोळ्याला लावला. पांढऱ्या फडक्यावर तपकिरी ठिपके होते. एक ठिपका उडाला. मग दुसरा. मग सगळी बरणीच जिवंत झाली.

"बिळात ऊब असते, आबा. वर बर्फ पडो की जाळ, खाली या पिसवांचा संसार चालूच. मांजर तोंड घालतं, या त्याच्या अंगावर चढतात, आणि मांजर झोपतं कुठं?"

मांजर आमच्या मुलीच्या रजईत झोपायचं. हे आबांना सांगायची गरज नव्हती.

आबांनी बरणी हातात घेऊन फिरवून पाहिली. वाऱ्यानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. शेवटी म्हणाले, "अक्तोस गोळी थुंकतो."

"मेंढीच्या शेपटीच्या चरबीत घालून द्या. गिळेल."

आबांनी स्वतःच्या हातानं चरबी कापली, गोळी आत दाबली आणि अक्तोसच्या जबड्यात ठेवली. मग त्याला दोन दिवस बांधून ठेवलं. त्या दोन दिवसांत पडलेली घाण खड्ड्यात जाळून पुरायची असते, कारण जंत तिच्यातूनच पडतात. ते काम मी करणार होते, पण आबांनी माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं.

मार्चात बर्फ वितळतं आणि आमची सपाट चिकणमातीची मैदानं साबणासारखी निसरडी होतात. उलबोसिनची मोटारसायकल तिथं आडवी झाली आणि तिच्या नडगीचं हाड मोडलं. तालुक्याच्या इस्पितळातून तिचा फोन आला. पाय कसा आहे विचारलं तर म्हणाली, "पाय जागेवर आहे. नेसिबेली, आज एकोणचाळिसावा दिवस. माझी पेटी पोस्टाच्या गाडीनं तुझ्याकडे पाठवलीय. कुणाला तरी धाड."

कुणाला धाडायचं? मेंढ्या व्यायला लागल्या होत्या. माझा नवरा बझारबाय तीन दिवस झोपला नव्हता. नऊही विहिरींवर हीच गत. मी फोन ठेवून विचार करत बसले, तेवढ्यात आबा घोड्यावर खोगीर चढवताना दिसले. वय एकाहत्तर.

"आबा, तुमचा गुडघा..."

"घोडा चालणार आहे, मी नाही. चरबी बांधून दे. भरपूर दे."

पेटी आल्यावर मांजरांच्या बाटल्या त्यांनी वेगळ्या करून छातीशी, कोटाच्या आतल्या खिशात ठेवल्या. सहा दिवस ते बाहेर होते. रोज संध्याकाळी उलबोसिनचा फोन यायचा, आणि आबा कुठपर्यंत पोचले असतील याचा अंदाज आम्ही दोघी बांधायचो.

पाचव्या विहिरीवर काय झालं ते आबांनी कधी सांगितलं नाही. मला कळलं दोन महिन्यांनी, तिथल्या त्योलेपच्या बायकोकडून. त्योलेप म्हणजे आबांच्या हाताखालचा जुना मेंढपाळ, जिभेला हाड नसलेला माणूस. आबांना पेटीसकट पाहून तो खो-खो हसला. "काय मुकादम, म्हातारपणी कुत्र्यांची घाण उपसायची नोकरी लागली वाटतं?"

"लागली," आबा म्हणाले. "तुझ्यापासून सुरुवात. खड्डा खण. खड्ड्याशिवाय गोळी नाही."

"आणि नाही खणला तर?"

आबा घोड्यावरून उतरले. त्या गुडघ्यानं ते उतरले हेच पुष्कळ. फावडं घेऊन स्वतः खणायला लागले. त्योलेप ओशाळला, फावडं मागू लागला, पण आबांनी ते सोडलं नाही. खणता खणता, मान वर न करता म्हणाले, "माझ्या सुनेचं पोट फाडावं लागलं, त्योलेप. माझ्याच कुत्र्यामुळे, मीच टाकलेल्या यकृतामुळे. आणि मी नऊ-दहा वर्षं बादल्यांना दोष देत बसलो. तू बसू नकोस."

हे सांगताना त्योलेपच्या बायकोनं डोक्याच्या रुमालाच्या टोकानं डोळे टिपले. मी मात्र घरी आल्यावर गोठ्यात जाऊन मनसोक्त रडले.

सत्तर कुत्र्यांपैकी अडुसष्ट झाली. दोन कळपाबरोबर लांब गेली होती. तिथं आबा पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊन आले. उलबोसिन काठी टेकत परत आली तेव्हा त्यांनी तिच्यापुढे कागद ठेवला: विहीर, कुत्र्याचं नाव, रंग, गोळी गिळली की थुंकली, सगळं वळणदार अक्षरात. तिनं तो कागद दोनदा वाचला.

"आबा, मी आठ वर्षांत इतका नीट कागद लिहिला नाही."

"तू लिहीत बसली असतीस तर फिरली कधी असतीस?" आबा म्हणाले आणि घाईघाईनं चहा ओतू लागले.

त्या वर्षी सप्टेंबरात शहरातून डॉक्टरांचं पथक आलं. पोट आतून दाखवणारं यंत्र शाळेत मांडलं आणि नऊ विहिरींवरची सगळी मुलं तपासली. दोघांच्या यकृतात फोड निघाले. दोघंही उलबोसिन येण्याआधी जन्मलेले. त्यांच्यावर औषध सुरू झालं. ती आल्यानंतर जन्मलेली मुलं एकवीस होती. एकविसांचीही पोटं स्वच्छ. पथकातली तरुण डॉक्टरीण पुन्हापुन्हा यादी पाहत म्हणाली, "आजूबाजूच्या भागात असं नाही. इथं कुणी काय केलंय? मला त्या माणसाला भेटायचंय."

पण उलबोसिन शाळेत नव्हतीच. दक्षिणेच्या जुन्या, पडीक विहिरीवर एक नवं कुटुंब उतरलंय, त्यांच्याकडे दोन पिल्लं आणि एक गाभण मांजर आहे, असं तिला सकाळी कळलं होतं. पाय अजून नीट वाकत नव्हता, म्हणून मोटारसायकल बझारबाय चालवत होता. ती बाजूच्या डब्यात पेटी मांडीवर घेऊन बसली होती, आणि आबा घोड्यावरून पुढं वाट दाखवत होते.