गोड पाण्यात फुटणारे जीव

"मॅडम, मला एका शब्दात सांगा. विहिरीच्या पाण्यात ते जंतू सापडले की नाही?"

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साहेबांचा आवाज चढलेला नव्हता, पण त्यांनी घड्याळाकडे पाहिलेलं रोहिणीला दिसलं.

"नाही सापडले. पण सर, ते सापडणारच नाहीत. कारण..."

"झालं तर मग," टेबलाच्या पलीकडून कारखान्याचे सल्लागार म्हणाले. गोरेपान, नीटनेटके गृहस्थ. "हौदात आहेत, विहिरीत नाहीत. म्हणजे हौदाचं पाणी विहिरीत गेलेलं नाही. मॅडमच्याच अभ्यासातून सिद्ध होतंय."

रोहिणीच्या शेजारी लताबाई बसल्या होत्या. विहीर त्यांची होती. त्यांनी रोहिणीकडे मान वळवून पाहिलं आणि पुन्हा समोर पाहिलं.

रोहिणी पगारे नाशिकच्या एका महाविद्यालयात पीएचडी करत होती. विषय होता मिठात राहणारे सूक्ष्मजीव. अंबडच्या औद्योगिक वसाहतीच्या टोकाला रसायनांचा एक कारखाना होता. तिथलं खारं सांडपाणी उघड्या हौदात साठवून उन्हाने आटवत असत. मार्च-एप्रिलमध्ये तो हौद गुलाबी व्हायचा. समुद्रापेक्षा कितीतरी खारट अशा त्या पाण्यात मासा, शेवाळ काही जगत नाही. पण हे जीव तिथेच फोफावतात आणि रंग त्यांचाच. पहिल्यांदा ती नमुना घ्यायला गेली तेव्हा मॅनेजरने चहा पाजला होता, तिच्यासोबत हौदाच्या काठावर फोटोही काढला होता.

मग कुंपणाच्या खालच्या अंगाला शेत असलेल्या लताबाईंनी तिला बाटल्या घेऊन जाताना पाहिलं आणि हटकलं. "पाणी तपासती का तू? मग माझंबी बघ." त्या मेथी-कोथिंबीर लावून सिडकोच्या बाजारात विकायच्या. दोन वर्षांपासून कोथिंबिरीची टोकं करपत होती. विहिरीच्या पाण्याचा चहा केला की दूध फाटायचं. रोहिणीने पाणी तपासलं. खारट होतंच. पण मीठ जमिनीतलं, की हौदातलं? तिला वाटलं होतं, आपले गुलाबी जीवच ते सांगतील. त्या भरवशावर लताबाईंनी मंडळाकडे तक्रार केली होती.

ते जीव आता तिच्यावरच उलटले होते.

तिने साहेबांना समजावायचा पुन्हा प्रयत्न केला. या जिवांना मीठ लागतं, नुसतं चालतं असं नाही. मीठ कमी झालं की त्यांचं आवरण टिकत नाही, ते फुटतात. विहिरीचं पाणी आपल्याला खारट, त्यांना गोडच. हौदाचं पाणी झिरपत विहिरीत पोचलं, पातळ झालं की त्यातले जीव तिथे जिवंत राहतील कसे? हे सगळं सांगताना तिच्या तोंडात इंग्रजी शब्द येत गेले, ती मराठीत वळवत गेली, पुन्हा अडखळली. सल्लागारांनी मध्येच हसून म्हटलं, "म्हणजे सापडले तरी आमचा दोष, नाही सापडले तरी आमचा दोष."

साहेबसुद्धा हसले. पुढच्या सुनावणीची तारीख कळवू म्हणाले.

बाहेर लताबाई रिक्षात तिच्या शेजारी बसल्या. मुंबई नाक्याच्या सिग्नलला त्या म्हणाल्या, "हाय म्हणायचं व्हतं."

"काय?"

"त्यांनी इचारलं ना, जंतू हाय का नाय. हाय म्हणायचं. कोण बघाया येणार व्हतं?"

"लताबाई, नसलेलं आहे म्हणून कसं सांगू?"

"मग तू आली कशाला माझ्यासंगं? त्यांच्याच बाजूनं बोलायला?"

"मी त्यांच्या बाजूने बोलले?" रोहिणीचा आवाज इतका चढला की रिक्षावाल्याने आरशात पाहिलं. "त्यांनी मला बोलूच दिलं नाही!"

"तुला बोलताच नाय आलं," लताबाई म्हणाल्या.

तेच रोहिणीला लागलं होतं, कारण खरं होतं.

दुसऱ्या दिवशी ती चिडलेलीच शेतावर गेली. लताबाई मेथी खुरपत होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही. कुंपणाच्या भिंतीखाली लताबाईंचा बांध होता. त्याच्या उतारावर पांढरा खार फुटलेला रोहिणीने आधी पाहिला होता, पण वरवरचा खार वाऱ्याने हौदावरून उडत आला असेल असं कारखान्याचे लोक सहज म्हणतील. म्हणून ती बसून खणू लागली. वरची माती, मग मुरूम, मग काळा दगड. दगडाला भेगा होत्या. कोपरभर आत, जिथे वारा पोचणं शक्य नव्हतं, तिथे एका भेगेत मीठ गच्च भरलेलं होतं. ओलसर, आणि कडेला किंचित गुलाबी.

तिने ते मीठ खरवडून बाटलीत भरलं. झिरपणारं खारं पाणी इथे दाट राहिलं असेल, आटलं असेल, आणि मिठाचे खडे बनताना जीव खड्यांतल्या थेंबांत अडकून राहिले असतील. अशा खड्यांत ते फार काळ तग धरतात. ते जिवंत निघाले तर कारखान्याच्या पाण्याची वाट दगडातून खाली उतरते, हे दाखवता येणार होतं.

"मिळालं काही?" लताबाईंनी लांबूनच विचारलं.

"अजून माहीत नाही."

"तुला कधी काय माहीत असतं गं?"

प्रयोगशाळेत तिने ते मीठ विरघळवलं, खारट अन्न घातलेल्या काचेच्या ताटल्यांवर पसरलं आणि उबदार कपाटात ठेवलं. हे जीव हट्टी असतात. साधे जंतू रात्रीत वाढतात, यांना आठवडे लागतात. ताटल्या वाळू नयेत म्हणून तिने पिशव्यांत गुंडाळल्या. रोज सकाळी उघडून बघायची. काही नाही. कडेला मिठाचे स्फटिक धरले, बाकी कोरं. प्रयोगशाळेतल्या सगळ्यांचा तिच्यावर राग होता, कारण तिच्या मिठाने सामायिक यंत्रांना गंज धरला होता. सगळ्यात जास्त ऐकवायचा तो शेजारच्या टेबलावरचा फैजान, मालेगावचा. तो दुधातल्या जंतूंवर काम करायचा आणि हजेरीच्या बाबतीत तिच्याइतकाच पक्का होता.

मग महाविद्यालयात तपासणी समिती येणार असल्याचं कळलं आणि झाडलोट सुरू झाली. सोमवारी रोहिणी आली तेव्हा कपाट लख्ख पुसलेलं होतं. आत फैजानच्या ताटल्या होत्या. तिच्या नव्हत्या.

"फैजान, माझ्या प्लेट्स?"

फैजान हातमोजे काढत होता. "त्या कोऱ्या? त्या टाकल्या ना शनिवारी. दोन आठवडे झाले होते, काहीच उगवलं नव्हतं. वाटलं, गेल्यात."

"गेल्यात?"

"रोहिणी, मला खरंच वाटलं..."

"त्यांच्यावर नाव होतं. तारीख होती. मला एक फोन करता आला नाही तुला?"

"केला होता, यार. लागला नाही. सरांनी सांगितलं होतं कपाट रिकामं करा."

ती जिन्यात जाऊन बसली. कोणीच वाईट वागलेलं नव्हतं, आणि तेच असह्य होतं. थोड्या वेळाने फैजान पाण्याची बाटली घेऊन आला आणि एक पायरी सोडून खाली बसला. "नमुना उरलाय का?" त्याने विचारलं.

"थोडा."

"मग पुन्हा लाव. माझं अर्धं कपाट घे. चावी तुझ्याकडे ठेव."

तिने पुन्हा लावलं. दरम्यान सुनावणीची तारीख आली, गेली. साहेबांची बदली झाली म्हणून ती पुढे ढकलली गेली. रोहिणीला पहिल्यांदाच सरकारी दिरंगाईचा फायदा झाला. तिसऱ्या आठवड्यात एका ताटलीवर टाचणीच्या डोक्याएवढे गुलाबी ठिपके दिसले. फैजानने भिंगातून पाहिलं आणि मोठ्याने "अरे वा!" म्हणाला. दोघांनी त्यांची हौदातल्या जिवांशी तुलना करून घेतली. जुळले.

नव्या साहेबांसमोर रोहिणीने या वेळी भाषण केलंच नाही. तिने टेबलावर दोन काचनळ्या ठेवल्या. दोन्हींत हौदातल्या जिवांचं गढूळ गुलाबी पाणी होतं. एकीत तिने मिठाचं दाट पाणी ओतलं. गढूळपणा तसाच राहिला. दुसरीत लताबाईंच्या विहिरीचं पाणी ओतलं आणि हलवलं. पाहता पाहता गढूळपणा गेला. नळीतून पलीकडची खिडकी स्वच्छ दिसू लागली, हलकी गुलाबी झाक तेवढी उरली.

"कुठे गेले?" साहेबांनी विचारलं.

"फुटले, सर. म्हणून विहिरीत सापडत नाहीत." मग तिने भेगेतलं मीठ आणि ताटली पुढे ठेवली. "आणि इथे सापडतात. दगडाच्या आत."

सल्लागार म्हणाले, "भेग वरून उघडी असू शकते. पावसाच्या पाण्यासोबत मीठ आत गेलं असेल."

"असू शकते," रोहिणी म्हणाली. तिला तो माणूस त्या क्षणी गळा दाबावा इतका नकोसा झाला, पण शंका चुकीची नव्हती. "म्हणूनच हौद रिकामा करून तळ तपासा. एवढंच मागतेय."

लताबाई तिच्या शेजारून म्हणाल्या, "तळ तरी बघा की. बघायला काय जातंय?"

साहेबांनी तसा आदेश दिला.

कारखान्याने हौद रिकामा केला, पण बाहेरच्या कोणाला आत येऊ दिलं नाही. साहेबांचा माणूस पोचेपर्यंत तळाला नवं जाड प्लास्टिक अंथरून झालं होतं. जुन्याला चीर होती का, किती होती, कोणीच सांगितलं नाही. अहवालात 'नियमित देखभाल' असं आलं. लताबाईंच्या वस्तीला कारखान्याकडून पाण्याचा टँकर सुरू झाला, तोही 'सामाजिक बांधिलकी' म्हणून. रोहिणीने कारखान्यात फोन केला तेव्हा मॅनेजर मीटिंगमध्ये होता. नंतरही मीटिंगमध्येच राहिला.

"मग कबूल केलं का त्यांनी?" लताबाईंनी विचारलं.

"नाही."

"पण गळती व्हतीच ना?"

"मला वाटतं होती. पण मला वाटतं म्हणजे..."

"राहू दे. कळलं."

पावसाळा सरता सरता रोहिणी विहिरीवर गेली. बादलीतल्या पाण्यात खारटपणा मोजायच्या यंत्राची दांडी बुडवली. आकडा जेमतेम हलला होता. दगडात मुरलेलं मीठ इतक्या लवकर धुऊन निघणार नाही हे तिला ठाऊक होतं, तरी तिने दांडी पुसून पुन्हा बुडवली. तेवढाच.

"किती वर्षं?" लताबाईंनी विचारलं.

"सांगता येत नाही. पाऊस चांगला झाला तर तीन-चार. कदाचित जास्त."

लताबाईंनी हातातलं खुरपं बांधावर आपटलं. "नुसतं कदाचित न् कदाचित."

"तोवर पालक लावा. बीट लावा. त्यांना थोडं खारट चालतं."

"मला नाय आवडत पालक."

"तुम्हाला खायचाय का? विकायचाय."

"विकायचा म्हणून काय झालं? दिवसभर त्याच्याकडंच बघत बसायचं ना मला." त्या वळल्या, मोटारीच्या पेटीकडे चालू लागल्या आणि थांबल्या. "बी कुठं मिळतं बिटाचं?"

रोहिणीने यंत्र पिशवीत टाकलं आणि पत्ता सांगू लागली.