सज्जन ग्राहक

तिने परत आलेल्या शिलाई मशीनची पुढची पट्टी सोडवली, टॉर्च दातांत धरला आणि आत डोकावून पाहिलं. टिंबं नव्हती. दुरुस्त केलेल्या प्रत्येक मशीनच्या आतल्या अंगाला ती पंच ठोकून तीन टिंबं उमटवायची. या मशीनमध्ये टिंबांच्या जागी गंज होता आणि गंजाच्या आड एक मेलेला कोळी.

"आपलं नाही हे," टॉर्च काढून ती म्हणाली.

"खोकं तर आपलंच आहे," सासूबाई कॉटवरून म्हणाल्या.

"खोकं आपलं, चिकटपट्टी आपली. आतलं मढं दुसऱ्याचं."

म्हणजे गिऱ्हाइकाने तिचं चकचकीत मशीन ठेवून घेतलं होतं, घरातलं भंगार तिच्या खोक्यात घालून परत पाठवलं होतं, पैसे परत मिळवले होते आणि वर तिला पाचपैकी एक तारा दिला होता. 'मशीन गंजलेले. विक्रेती अप्रामाणिक.' सोबत गंजाचा फोटो. फोटो अस्सल होता, हीच तर पंचाईत.

एकोणीस गिऱ्हाइकांनी वर्षभरात ढकलत ढकलत चार पूर्णांक सहावर नेलेली तिची सरासरी त्या एका ताऱ्याने चार पूर्णांक चारवर आली. साडेचारच्या खाली गेलेलं दुकान सात दिवसांत वर आलं नाही, तर ऑनलाइन विक्रीची ती कंपनी ते बंद करत असे. दोघींचं घर त्या दुकानावर चालत होतं. विक्रेत्याला मात्र गिऱ्हाइकाला तारे देता येत नसत. गिऱ्हाईक म्हणजे राजा, आणि राजाच्या प्रगतिपुस्तकात गुण भरायचे नसतात. फक्त दोन ओळींचं मत लिहिण्याची मुभा होती.

या राजाबद्दल एकच मत लिहिलेलं होतं: 'सज्जन ग्राहक. व्यवहार चोख. निःशंक पाठवावे.' लिहिणारे रेडिओकाका. जुने रेडिओ दुरुस्त करून विकणारे. खोकं कसं भरायचं, फोटो कुठल्या उजेडात काढायचा, मूर्ख प्रश्नाला सभ्य उत्तर कसं द्यायचं, हे सगळं तिला त्यांनीच शिकवलेलं. ते मत वाचूनच तिने मशीन पाठवलं होतं.

मदतकेंद्रातल्या मुलीने गोड आवाजात नियम सांगितला. "आणखी एका विक्रेत्याने तसंच मत नोंदवलं तर आम्ही तो तारा काढू शकतो, मॅडम. एकाने म्हटलं तर ते मत, दोघांनी म्हटलं तर तक्रार."

तिने काकांना फोन केला. दुपारी काका आले. पहिला चहा त्यांनी हवापाण्यावर काढला, दुसरा गुडघ्यांवर. सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. दुसऱ्या कपाला बशी पुसून घेणारा माणूस काहीतरी अवघड बोलणार, हे त्यांना पाठ होतं.

"माझ्या खोक्यात वीट आली होती," काका म्हणाले.

"काय आली होती?"

"वीट. रेडिओच्या जागी. भाजलेली, चांगली होती तशी. दाराला लावतो."

"मग सज्जन ग्राहक कोण? वीट?" सासूबाईंनी विचारलं.

काका कप फिरवत राहिले. "त्याचा निरोप आला, तुम्ही चांगलं लिहा, मी पाच तारे देतो. मी लिहिलं, त्याने दिले. तेवढ्यापुरता शब्दाचा पक्का निघाला. माझे बरोब्बर साडेचार आहेत गं. त्याने एक तारा टेकवला असता तर माझंही दुकान गेलं असतं."

"काका, तुमचं वाचून मी मशीन पाठवलं."

"तू वाचशील असं वाटलं नव्हतं. असली मतं वाचतं कोण?"

"मी वाचते. लिहिणारा ओळखीचा असला की."

मग काकांनी कप खाली ठेवला, इतका हळू की आवाज होऊ नये म्हणूनच ठेवल्यासारखा.

"लिही तू," ते म्हणाले. "बिनधास्त लिही. मीही माझं बदलतो. विटेसकट लिहितो. माझं काय, वय झालं. तुझं दुकान राहिलं पाहिजे."

"इथेच बदला ना मग."

"पासवर्ड वहीत लिहिलाय, वही घरी. संध्याकाळच्या आत बदलतो. शब्द देतो."

तिने लिहिलं: 'आमच्या खोक्यात दुसरेच मशीन परत आले. ग्राहकाने बहुधा जाणूनबुजून पाठवले. सावध राहावे.' काकांनी चष्मा कपाळावर चढवून, फोन नाकाशी नेऊन ते वाचलं.

"'बहुधा' काढ," ते म्हणाले. "बहुधा म्हटलं की माणूस घाबरल्यासारखा वाटतो."

तिने 'बहुधा' काढलं आणि पाठवायचं बटण दाबलं. मत झळकलं. त्याच्याखाली बारीक अक्षरात: 'हे मत उपयोगी वाटले का? होय ०. नाही ०.'

"शाबास पोरी," काका म्हणाले, सासूबाईंना नमस्कार केला आणि जिना उतरले.

ती कप घेऊन खिडकीजवळच्या मोरीपाशी गेली. रस्त्यापलीकडे बसथांब्यावर काका उभे होते. चष्मा कपाळावर, फोन नाकाशी, आणि रेडिओतली बारीक तार जोडताना धरत तसं एक बोट हवेत थांबलेलं.

"आत्ताच बदलताहेत बहुतेक," ती म्हणाली. आवाज एकदम हलका झाला होता. "पासवर्ड आठवला वाटतं."

बोट खाली आलं. ओले हात पदराला पुसून तिने फोन उघडला.

काकांचं मत जसंच्या तसं होतं. सज्जन ग्राहक. व्यवहार चोख. तिचं मत मात्र दिसत नव्हतं. त्या जागी एक करडी ओळ होती: 'हे मत बहुतेकांना उपयोगी वाटले नाही. वाचायचे असल्यास येथे दाबा.' तिने दाबलं. होय ०. नाही १.

मत लिहून चार मिनिटं झाली होती. ते तिथे आहे हे जगात तिघांना ठाऊक होतं, आणि त्यातल्या सासूबाईंकडे फोन नव्हता.

बस आली. चढताना काकांनी वळून खिडकीकडे पाहिलं आणि नेहमीसारखा हात हलवला. तिचाही हात सवयीने वर गेला. खाली घ्यायला मात्र जरा वेळ लागला.

"केलं का त्यांनी?" सासूबाईंनी विचारलं.

"केलं," ती म्हणाली, आणि काकांचा कप पुन्हा एकदा घासायला घेतला.