नाव नसलेला फॉर्म

इस्पितळात तिला सगळे भिंगवाली म्हणत. एकोणीस वर्षं ती रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत आली होती. एखाद्या काचपट्टीवरच्या रक्ताबद्दल शंका आली की डॉक्टरसुद्धा म्हणत, एकदा भिंगवालीला दाखवा. प्रयोगशाळेची प्रमुख तिची मैत्रीण होती. दोघी एकाच दिवशी नोकरीला लागलेल्या, वर्षानुवर्षं एकाच टेबलावर डबा उघडलेल्या. भिंगवालीची मुलगी तिला मावशी म्हणायची, आणि मैत्रिणीला प्रमुखपद मिळालं तेव्हा तिच्यापेक्षा जास्त आनंद भिंगवालीलाच झाला होता.

त्या वर्षी चौघांपैकी दोघं नोकरी सोडून गेली आणि त्यांच्या जागा भरल्याच गेल्या नाहीत. चौघांचं काम भिंगवाली आणि एक नवी मुलगी अशा दोघींवर आलं. थोडे दिवस ओढून न्या, असं मैत्रीण म्हणाली होती. त्या थोड्या दिवसांचे आठ महिने झाले.

आधी भिंगवालीला वाटलं, वय झालं. रविवारी दुपारपासूनच सोमवारची धास्ती लागायची. सकाळी प्रयोगशाळेच्या जिन्याशी पाय अडायचे. नवऱ्याने साधं मीठ मागितलं तरी ती खेकसायची आणि मग न्हाणीघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहायची. मुलगी शाळेतलं काहीतरी रंगवून सांगत होती, तेव्हा ही नुसतं "बरं" म्हणत कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मुलगी गप्प झाली, ते तिच्या लक्षात आलं दुसऱ्या दिवशी. पण तिला खरी भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. पूर्वी काचपट्टीवर काही वाईट दिसलं की त्या न पाहिलेल्या माणसासाठी जीव हळहळायचा. आता काहीच वाटेना. एक झाली, दुसरी घ्या.

एका मंगळवारी तिने दोन रुग्णांचे अहवाल अदलाबदल करून सहीसाठी ठेवले. ट्रे उचलला जाणार, तेवढ्यात तिची नजर वयावर गेली. सहा वर्षांच्या पोरीच्या नावावर सत्तरीतल्या माणसाचा कर्करोग चढला होता. तिने कागद ओढून घेतले, दुरुस्त केले आणि तडक मैत्रिणीच्या खोलीत गेली.

मैत्रिणीने दार लावलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, पुढच्या आठवड्यात कामाच्या ताणावर शिबिर आहे, बाहेरून समुपदेशक बाई येणार आहेत, शेवटी एक फॉर्म भरायचा आहे. नाव लिहायचं नाही, बंद पाकिटात टाकायचा.

"त्यात सगळं लिही," ती म्हणाली. "मंगळवारचंही लिही. जागा भरून घ्यायला माझ्या हातात काहीतरी नको का? मी भांडते बघ तुझ्यासाठी."

शिबिरात त्या बाई एकेक लक्षण सांगत गेल्या, तशी भिंगवाली अवाक झाली. ही बाई आपल्याच घरात राहून आली की काय! म्हणजे हे वय नव्हतं, आळसही नव्हता. या दुखण्याला नाव होतं आणि वेळेत ओळखलं तर उपायही होता. तिने अडीच पानं लिहिली. पाकीट चिकटवताना तिला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं.

तीन आठवड्यांनी इस्पितळाच्या व्यवस्थापकांनी तिला बोलावलं. टेबलावर तीच अडीच पानं होती. शेजारच्या खुर्चीत मैत्रीण बसली होती.

"हे तुमचंच ना?" त्यांनी विचारलं.

"फॉर्मवर नाव नव्हतं."

"नव्हतं. पण अक्षर ओळखू आलं."

व्यवस्थापकांना तिचं अक्षर माहीत असण्याचं काही कारणच नव्हतं. तिने मैत्रिणीकडे पाहिलं. मैत्रीण फाइलची दोरी बोटाला गुंडाळत होती.

रुग्णांच्या जिवाचा प्रश्न आहे, असं म्हणून त्यांनी तिला जुन्या नोंदींच्या खोलीत पाठवलं. वर जाणाऱ्या अहवालात लिहिलं गेलं की ताणाची तक्रार एका कर्मचाऱ्यापुरती मर्यादित आहे, नव्या जागांची गरज नाही.

मैत्रीण तिच्या मागोमाग बाहेर आली. "ते नाव मागत होते गं. नाहीतर सगळी प्रयोगशाळाच बाहेरच्यांना द्यायला निघाले होते. तुला तरी तिकडे आराम मिळेल."

"आराम हवा असता तर रजा मागितली असती," भिंगवाली म्हणाली. "तू केसाने गळा कापलास. आणि वर म्हणतेस, टोचणार नाही."

पंधरा दिवस तिने जुन्या फायली झटकल्या. एका सकाळी तिला अंथरुणातून उठताच येईना. नवऱ्याने काही न विचारता तिला डॉक्टरांकडे नेलं. तीन महिने रजा पडली. सुरुवातीला ती नुसती झोपली. मग चालायला लागली. मग एकदा मुलीच्या विनोदावर तिला हसू आलं आणि घरातले सगळे तिच्याकडे बघत राहिले. इस्पितळात ती परत गेली नाही. एका लहान दवाखान्यात काम धरलं. कामाला लागतानाच तिने दिवसाच्या काचपट्ट्यांचा आकडा ठरवून घेतला, लेखी. त्याच्या पुढची काचपट्टी आली तर ती उद्यावर जाई. पहिल्यांदा तिला अपराधी वाटलं. नंतर वाटेनासं झालं.

वर्षभराने एका दुपारी मैत्रीण दारात उभी राहिली. वाळली होती. नवी मुलगी सोडून गेली होती आणि आता तीच सूक्ष्मदर्शकाशी बसत होती, एकटी. परवा आपण जिवंत माणसाच्या अहवालावर 'रुग्ण मृत' असा शेरा मारला, असं तिने सांगितलं. मग म्हणाली, "तू परत ये ना. तू असलीस की मी सावरेन."

"मी येणार नाही. तू रजा घे."

"लोक काय म्हणतील? मी प्रमुख आहे."

भिंगवालीने तिच्यासमोरच आपल्या डॉक्टरांना फोन लावला, गुरुवारची वेळ घेतली आणि कागदावर लिहून दिली.

मैत्रिणीने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. "म्हणजे तू मला माफ केलंस?"

"नाही," भिंगवाली म्हणाली. "आजारी आहेस म्हणून वेळ घेतली. ते वेगळं."

पुन्हा ये, असं ती म्हणाली नाही. मैत्रीण जिना उतरून गेल्यावर तिने दार लावलं आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. त्या मैत्रिणीसाठी ती आजवर रडली नव्हती. रडू आलं ते आत्ता. आतून मुलीने विचारलं, कोण आलं होतं?

"माझ्या जुन्या कामावरची एक बाई," ती म्हणाली.