शुवाईची तिसरी परीक्षा

शुवाई दोनदा नापास झाली होती आणि ही गोष्ट झांबेझीच्या दोन्ही काठांना ठाऊक होती. पहिल्या खेपेला कायद्याच्या पेपराने दगा दिला. दुसऱ्या खेपेला पेपर सुटले, पण रानातल्या परीक्षेत रानरेडा जाळीतून बाहेर पडला आणि ऐन वेळी ती बाजूला झाली. भ्यायली नव्हती, सवय नडली. सतरा वर्षं ती शिकारी तळांवर माग काढत होती. माग काढणाऱ्याने जनावर दाखवायचं आणि बंदूकवाल्याला वाट करून द्यायची, हे तिच्या अंगात मुरलेलं. पण ज्याला पैसे मोजून येणाऱ्या पाहुण्यांना घेऊन शिकारीला जायचा परवाना हवा, त्याने त्या घडीला बाजूला होऊन कसं चालेल?

तिने तिसऱ्यांदा अर्ज भरला तेव्हा जेकोनिया, तिच्याबरोबरीचा मागकाढ्या, चुलीपाशी सगळ्यांसमोर तिला लेकीच्या नावाने हाक मारून म्हणाला, "माई नेत्साई, या वयात बायका नातवंडं खेळवतात. तुला परवाना कशाला गं? आणि तुझं देवक हत्ती. देवकावर गोळी झाडणार होय?"

"देवक खायचं नाही, एवढंच आजोबांनी सांगितलंय," साद्झाचा, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीचा घास मोडत शुवाई म्हणाली. "तुझं देवक मासा ना रे? मग काल तुझ्या ताटात काट्यांचा ढीग कुठून आला?"

चुलीभोवती हशा पिकला. जेकोनियाने ताट उचललं आणि तो पलीकडे जाऊन बसला.

परीक्षा ऑक्टोबरात, म्हणजे खोऱ्यात दगडसुद्धा सावली शोधतात त्या दिवसांत. नदीकाठी तंबू ठोकले होते. उमेदवार सात, त्यांत बाई एकटी शुवाई. परीक्षकांचा म्होरक्या गोरोरो. बहात्तर वर्षांचा, निवृत्त वनाधिकारी, काटक, डाव्या कानाने बहिरा. सगळे त्याला सेकुरू, म्हणजे आजोबा म्हणत, आणि सगळे त्याला टरकून असत. त्याची एक खोड होती. रानात निघालं की तो स्वतः पाहुणा व्हायचा : लांबून विमानाने आलेला, हट्टी, कुरकुऱ्या, सांगितलेलं न ऐकणारा. "जनावर सांभाळणं सोपं," तो म्हणायचा, "पाहुणा सांभाळून दाखवा."

पाचव्या दिवशी शुवाईची पाळी आली. न्याकापिरी गावाच्या मळ्यांत एक म्हातारा नर हत्ती महिनाभर धुमाकूळ घालत होता. डावा सुळा मोडलेला. आठ दिवसांपूर्वी त्याने राखणीला बसलेल्या एका माणसाला सोंडेने उचलून आपटलं होतं, तो गेला. हत्ती मारायचा हुकूम निघाला आणि गोरोरोने तो कागद शुवाईच्या हातात ठेवला. दुसरी बंदूक म्हणून बरोबर ग्रँट, चोविशीतला उमेदवार, खोऱ्यातल्याच एका गोऱ्या शेतकऱ्याचा नातू.

उजाडताच मक्याच्या मोडक्या ताटांमधून माग सुरू झाला. टाचेचा ठसा गुळगुळीत, म्हणजे जनावर म्हातारं. उजवा मागचा पाय किंचित ओढत चालणारं. शुवाईने लीद मोडून बोट आत घातलं. कोमट. बोरांच्या बिया अख्ख्याच्या अख्ख्या.

"दात गेलेत बिचाऱ्याचे," ती ग्रँटला म्हणाली. "चावता येत नाही, म्हणून मळ्यात येतो."

माग कोरड्या ओढ्यातून नदीकडे उतरला. तशी सेकुरूची कुरकुर सुरू झाली. "अहो बाई! माझ्या बुटात खडा गेलाय. पाणी पण गरम आहे. हत्ती कुठाय? मी काय वाळू बघायला आलोय एवढ्या लांब?"

"बसा साहेब, या मुळावर. बूट काढा, खडा काढा," शुवाई शांतपणे म्हणाली. "पण आता बोलणं बंद. पुढचा शब्द तळावर."

म्हाताऱ्याने खरोखरच बूट काढला. खरोखरच खडा निघाला. ग्रँटने हसू दाबलं.

हत्ती लव्हाळ्यांच्या कडेला, पांढऱ्या बाभळीखाली होता. सोंडेने शेंगा वेचून तोंडात टाकत होता. चाळीस पावलं. वारा बघायला शुवाईने राखेची पुरचुंडी झटकली. राख मागे ओढ्याकडे गेली, मग जराशी घुटमळली.

"अजून जवळ चल," गोरोरो कुजबुजला. "इथून फोटो नीट येणार नाही."

"नाही. वारा फिरतोय."

"मी पैसे मोजलेत."

"पैसे परत मिळतील साहेब. तुम्ही मिळणार नाही."

गोरोरोचा एक डोळा बारीक झाला, पण तो गप्प बसला. वारा तोंडावर घेण्यासाठी शुवाईने दोघांना डावीकडे न्यायला सुरुवात केली. जेमतेम दहा पावलं गेली असतील, तोच मागून झुळूक आली आणि पुरचुंडीतली राख सरळ हत्तीकडे उडाली.

हत्तीची सोंड वर गेली.

मग तो वळला. कान सुपासारखे पसरले, डोकं हललं, धुळीचा लोट उठला. शुवाईने हात वर केला आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "थांब रे म्हाताऱ्या! थांब तिथंच!" पसरलेले कान म्हणजे नुसता धाक, हे तिला पक्कं माहीत होतं. हत्ती थांबलाही. एक श्वासभर. नंतर कान मानेला चिकटले, सोंड छातीखाली मुडपली आणि डोकं खाली गेलं. ह्याचा अर्थही तिला माहीत होता.

"सेकुरू, खाली बसा!" ग्रँट ओरडला. त्याच्या आणि हत्तीच्या मध्ये म्हातारा आला होता, त्याला गोळी झाडता येईना. आणि गोरोरोने ऐकलंच नाही, त्याचा बहिरा कान ग्रँटकडे होता.

शुवाईने पाऊल टाकलं, ते पुढे. मग दुसरं. आता म्हातारा तिच्या पाठीशी आणि हत्ती समोर. जमीन पावलांतून वर हादरत होती. पंचवीस पावलं. अजून नाही. पंधरा. हत्तीच्या पापण्यांचे केस तिला दिसले. एवढं मोठं जनावर अंगावर येत असताना आपल्याला इतकं निवांत कसं वाटतंय, ह्याचंच तिला नवल वाटलं. दहा. तिने डोळ्यांच्या रेषेच्या जरा वर नेम धरला आणि चाप ओढला.

हत्तीचे मागचे पाय आधी बसले. डोकं एकदा आभाळाकडे उचललं गेलं आणि सगळा डोंगर धुळीत कोसळला. तिच्यापासून सात पावलांवर.

मग मागून गोरोरोचा आवाज आला, जरासा चिरका, पण पाहुण्याचाच. "आता माझा फोटो काढ बघू."

"आधी दुसरी गोळी," मागे न बघता शुवाई म्हणाली. "कुणी जागचं हलायचं नाही."

तिने वळसा घालून दुसरी गोळी झाडली. मेल्याची खात्री करायला फांदीच्या टोकाने डोळ्याला स्पर्श करून पाहिलं. मग म्हणाली, "हं, काढा आता."

गोरोरो मटकन खाली बसला आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला.

"माई, मी झाडणारच होतो," ग्रँट पुटपुटला, "पण सेकुरू मध्ये..."

"नाही झाडलीस तेच बरं केलंस. आजोबांचा उरलेला कानही गेला असता."

मग ती हत्तीपाशी गुडघ्यांवर बसली. मान देताना वाजवतात तशा ओंजळीच्या टाळ्या वाजवून तिने देवकाची सगळी नावं घेतली, पणजोबांपासूनची. दोनदा ती मध्येच अडखळली आणि दोनदा तिने नावं परत पहिल्यापासून घेतली.

दुपारपर्यंत अख्खं न्याकापिरी टोपल्या घेऊन आलं. गेलेल्या राखणदाराची आई सगळ्यांत पुढे होती. तिने शुवाईचे दोन्ही हात धरले. मग मागच्या बायकांनी जिभा हलवून असा आरोळ्यांचा गजर केला की लव्हाळ्यांतले बगळे उडाले. मांसाची मोठमोठी पातेली चढली. शुवाई भेंडीच्या कालवणाशी साद्झा जेवली. भूक मात्र हत्तीएवढी होती.

दोन दिवसांनी गोरोरोने बाभळीखाली निकाल वाचला. सातांतले तिघे पास. ग्रँटचं नाव आलं, आणखी एकाचं आलं. मग म्हाताऱ्याने चष्मा पुसला, मुद्दाम खोकला.

"शुवाई न्याकातोंडो. कायदा, उत्तम. नेमबाजी, उत्तम. पाहुणा सांभाळणे..." तो थांबला. "तीस वर्षांत मला गप्प बसवणारी ही पहिलीच. उत्तीर्ण! अव्वल!"

ग्रँटने टोपी हवेत फेकली. जेकोनिया तंबूंच्या कामाला आलेला, त्याने सगळ्यांत जोरात शिट्टी घातली आणि तिच्यासमोर वाकून ओंजळीच्या टाळ्या वाजवल्या. "मालकीणबाई, माग काढायला माणूस लागेल ना?"

"लागेल. पण लवकर उठणारा."

फोनला तिथे पिकअपच्या टपावरच काय तो सिग्नल मिळे. शुवाई चाकावर पाय देऊन टपावर चढली. चिन्होयीच्या वसतिगृहात नेत्साईने पहिल्याच रिंगला उचललं.

"आई? काय झालं? बोल ना पटकन!"

"पास," शुवाई म्हणाली. "पहिली आले गं."

मग लेकीने फोन कानापासून दूर करून काहीतरी ओरडल्याचं ऐकू आलं आणि पाठोपाठ पन्नास-साठ मुलींच्या आरोळ्यांचा गजर त्या एवढ्याशा फोनमधून उसळून आला. शुवाईने फोन उंच धरला, म्हणजे खाली उभ्या सगळ्यांना तो ऐकू यावा.